गाडी ‘लो’ करायची आहे? आधी स्प्रिंगकडे किती जागा उरते ते मोजा

इन्स्टाग्रामवर गाड्यांच्या रील्स बघत असाल, तर हा प्रकार तुमच्या ओळखीचा असेल. आधी साधी हॅचबॅक, टायर आणि फेंडरच्या मध्ये चार बोटांची फट. मग एक कट. पुढच्या सेकंदाला तीच गाडी जमिनीला टेकल्यासारखी, फट गायब, खाली निऑन लाइट. मधलं काम रीलमध्ये दिसत नाही. कोणते पार्ट बदलले, जुने शॉकअप ठेवले का, अलाइनमेंट केलं का, आणि पाच माणसं बसवून ती गाडी गतिरोधकावरून गेली का, यातलं काहीच कळत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, गाव रामटेक. या विषयावर लिहायचं ठरलं ते माझ्या मावसभावामुळे. त्याने सेकंड हँड स्विफ्ट घेतली आणि महिन्याभरात ती लो करायचा विचार सुरू झाला. ऑनलाइन स्प्रिंगची जाहिरात, एका गॅरेजवाल्याचं ‘गॅसनं एक वेढा कापून देतो, तासाभराचं काम’, आणि मित्रांचा आग्रह, तिन्ही एकदम आलं. मला फोनवर म्हणाला, “दादा, दोनच इंच तं कमी करायचं आहे, काहून एवढा विचार करून राहिला?”

दोन इंच म्हणजे ५० मिलिमीटर. फोनच्या रुंदीपेक्षाही कमी. पण सस्पेन्शनच्या हिशोबात ही फार मोठी रक्कम आहे. ती कशी, हे आधी समजून घेऊ. पार्ट कोणते घ्यायचे आणि आपला कायदा याकडे कसा बघतो, ते त्यानंतर.

सस्पेन्शन म्हणजे बफर

यूट्यूबवर व्हिडिओ बघताना नेट थोडं अडखळलं तरी व्हिडिओ थांबत नाही, कारण काही सेकंदांचा बफर आधीच भरलेला असतो. बफर संपला की गोल फिरायला लागतं. सस्पेन्शनमध्ये बफर म्हणजे चाकाला वर जायला उरलेली जागा. खड्डा किंवा गतिरोधक आला की चाक वर जातं, स्प्रिंग दबते आणि धक्का पोटात घेते. जागा संपली की शेवटी बंप स्टॉप असतो, म्हणजे रबर किंवा फोमचा छोटा ठोकळा. त्यावर आदळलो की ‘धाड’ असा आवाज येतो आणि धक्का थेट बॉडीत जातो.

आता आकडे घेऊ. हे कोणत्याही एका मॉडेलचे नाहीत, हिशोब कळावा म्हणून धरलेले आहेत. समजा एका चाकावर बॉडीचं २५० किलो वजन आहे, स्प्रिंग दर मिलिमीटरला २० न्यूटन एवढी कडक आहे, आणि रिकामी गाडी उभी असताना चाकाला वर जायला ८० मिलिमीटर जागा आहे. स्प्रिंगने पोटात घेतलेली ऊर्जा म्हणजे कडकपणाचा अर्धा गुणिले दबलेल्या अंतराचा वर्ग. म्हणजे अर्धा गुणिले २० गुणिले ८० चा वर्ग. उत्तर येतं ६४ जूल.

आता गाडी ३५ मिलिमीटर खाली आणली. उरले ४५. तेवढेच ६४ जूल ४५ मिलिमीटरमध्ये घ्यायचे असतील तर स्प्रिंग किती कडक हवी? ८० भागिले ४५, त्याचा वर्ग, म्हणजे ३.१६ पट. आणि दोन इंच खाली आणली तर उरतात ३०, मग हवी ७ पटीहून कडक स्प्रिंग. एवढी कडक स्प्रिंग रस्त्यावरच्या गाडीत कोणी बसवत नाही, कारण मग गाडी बैलगाडीसारखी चालेल.

समजा लोअरिंग स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा २५ टक्के कडक घेतली, म्हणजे २५ न्यूटन. ४५ मिलिमीटरमध्ये ती साधारण २५ जूल घेते. बाकीचे ३९ जूल कुठे जाणार? बंप स्टॉपवर, शॉकअपवर, त्याच्या वरच्या माउंटवर आणि शेवटी तुमच्या कमरेवर.

यात अजून माणसं बसलेलीच नाहीत. मागे तीन जण आणि डिकीत सामान धरलं, तर मागच्या प्रत्येक चाकावर साधारण १०० किलो वाढतात. मूळ स्प्रिंग त्या वजनाने ४९ मिलिमीटर बसते, उरतात ३१. लो केलेली गाडी कडक स्प्रिंगमुळे कमी बसते, ३९ मिलिमीटर. पण तिच्याकडे होतेच ४५. उरले ६ मिलिमीटर.

त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला घरची सगळी मंडळी कोंबून गडाच्या चढाला लागलेली गाडी डोळ्यांसमोर आणा. बॉडी जवळजवळ बंप स्टॉपवर बसलेली आहे. वळणात एखादा खड्डा लागला की मागचं चाक रस्ता सोडणार. रीलमधली गाडी बहुतेक वेळा रिकामी असते, एवढं लक्षात ठेवा.

गतिरोधक: उंचीपेक्षा आकार महत्त्वाचा

लो गाडीबद्दल पहिला प्रश्न असतो, ‘खाली लागेल का?’ याचं उत्तर गतिरोधक कसा आहे यावर ठरतं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकात ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गतिरोधक दिला आहे. उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. स्विफ्टचा व्हीलबेस २.४५ मीटर आहे. असा गतिरोधक गाडीच्या बरोबर मध्ये आला तर पुढची-मागची चाकंही त्याच्या उतारावरच असतात. गणित केलं तर चाकांच्या पातळीपेक्षा मधला भाग फक्त ४४ मिलिमीटर वर येतो. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर आहे. त्यातून लो केल्याचे ३५ आणि वजनाचे ४० वजा केले तरी ८८ उरतात. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक लो गाडीही सहज पार करते.

पण असे गतिरोधक आपल्याकडे शोधावे लागतात. गल्लीत रात्रीतून उगवणारा अरुंद, उभा उंचवटा हीच खरी अडचण आहे. समजा त्याची उंची १५ सेंटिमीटर आणि रुंदी अर्धा मीटर आहे. चारही चाकं सपाट रस्त्यावर आणि मध्ये पूर्ण १५० मिलिमीटरची भिंत. तिथे ८८ मिलिमीटरवाली गाडी घासणारच. सायलेन्सर, इंजिनखालचा सम्प, पेट्रोलची पाइप, यातलं जे सगळ्यात खाली असेल ते आधी लागेल. इलेक्ट्रिक गाडीत तिथे बॅटरी पॅक असतो. ईव्ही लो करायचा विचार असेल तर गाडीतली सगळ्यात महाग वस्तू तुम्ही दगडाच्या जवळ नेत आहात.

नागपूरहून कामठी, कन्हान, मनसर करत रामटेकला येताना महामार्ग क्रमांक ४४ वर लो गाडी छान चालेलही. प्रश्न मनसरला वळल्यानंतरचा आहे, आणि त्याहून जास्त तुमच्या घरासमोरच्या गल्लीचा.

पर्याय कोणते, आणि प्रत्येकात काय मिळतं

*गॅसने स्प्रिंग कापणे किंवा तापवून बसवणे.* हे करूच नका. स्प्रिंगचं स्टील ठरावीक तापमानाची प्रक्रिया करून तयार केलेलं असतं, गॅसच्या ज्योतीने ती प्रक्रिया बिघडते. कापलेलं टोक स्प्रिंगच्या बैठकीत नीट बसत नाही. सहा वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग २० टक्के कडक होते, पण लांबी कमी झाल्याने चाक हवेत लटकलं की ती सैल होऊन जागेवरून सरकू शकते. स्प्रिंगला क्लॅम्प लावून दाबून ठेवण्याचा ‘जुगाड’ही याच यादीत धरा.

*फक्त लोअरिंग स्प्रिंग, शॉकअप जुनेच.* सगळ्यात जास्त विकला जाणारा मार्ग हाच. ताशी हेलकावे ठरवणारं गणित असं की स्प्रिंग २५ टक्के कडक झाली तर गाडीची नैसर्गिक कंपनसंख्या १२ टक्के वाढते, आपल्या उदाहरणात सेकंदाला १.४२ वरून १.५९. तेवढंच डॅम्पिंगही वाढायला हवं. जुना शॉकअप ते देत नाही, म्हणून त्याची पकड सुमारे ११ टक्क्यांनी कमी पडते. शॉकअप नवा असेल आणि गाडी २५-३० मिलिमीटरच खाली येत असेल तर हे चालून जातं. सेकंड हँड गाडीत ६०-७० हजार किलोमीटर चाललेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग बसवली तर गाडी डोलत राहते.

*स्प्रिंग आणि शॉकअपचा जुळवलेला सेट.* स्प्रिंगच्या कडकपणाला शोभेल असं डॅम्पिंग, आणि कमी उंचीला साजेशी आखूड बॉडी. लो करायचंच असेल तर इंजिनिअरिंगच्या दृष्टीने योग्य मार्ग हा. जर्मनीचे आयबाख, एच अँड आर, बिल्स्टाइन, केडब्ल्यू आणि जपानचं टीन ही या क्षेत्रातली जुनी नावं आहेत. मात्र तुमच्या गाडीच्या भारतीय मॉडेलसाठी पार्ट नंबर आहे का, हे आधी बघा. परदेशातल्या त्याच नावाच्या गाडीचं वजन आणि माउंट वेगळे असू शकतात.

*कॉइलओव्हर.* उंची हवी तशी वर-खाली करता येते. पण स्वस्त कॉइलओव्हरमध्ये फक्त स्प्रिंगची बैठक खाली सरकते, त्यामुळे उंचीबरोबर चाकाला वर जायची जागाही जाते. चांगल्या प्रकारात खालची ब्रॅकेट वेगळी फिरते, उंची बदलली तरी ही जागा शाबूत राहते. घेताना हा एकच प्रश्न विचारा, दुकानदार किती जाणतो ते लगेच कळेल. शिवाय आपल्या पावसात आणि चिखलात त्याचे आटे जाम होतात, दर काही महिन्यांनी साफसफाई लागते.

*एअर सस्पेन्शन.* रबरी फुगे, कॉम्प्रेसर, टाकी, सेन्सर. पार्क केल्यावर खाली, चालवताना वर. दिसायला भारी, पण खर्च, वायरिंग आणि गळतीच्या शक्यता यांच्यासह येतं.

यातला कोणताही पर्याय घेतला तरी अलाइनमेंट करावंच लागतं. उंची बदलली की चाकांचा कल आणि टो बदलतात, टायर आतल्या बाजूने झिजतात. स्विफ्टसारख्या गाडीत मागे टॉर्शन बीम असतो, तिथे कल साध्या मशीनवर दुरुस्त होत नाही. पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त खाली गेली तर हेडलाइटचा झोत जवळ पडतो. गाडीत एडास असेल, म्हणजे काचेमागचा कॅमेरा आणि बंपरमधला रडार, तर तो मूळ उंची आणि कोन गृहीत धरून कॅलिब्रेट केलेला असतो. सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, इनपुटची जागा बदलून आउटपुट तेच येईल अशी अपेक्षा कोणत्याही सिस्टिमकडून करू नये.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीमधला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. निर्मात्याच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाही, रंग बदलणं किंवा किरकोळ फिटिंग ही वेगळी गोष्ट. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिलं गेलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

आता गंमत बघा. तुमच्या आरसीवर इंजिन नंबर, इंधन, वजन, आसनसंख्या असते. ग्राउंड क्लिअरन्स किंवा स्प्रिंगची उंची नसते. म्हणून २५ मिलिमीटरची स्प्रिंग बदलणं नेमकं कुठे बसतं, हे रस्त्यावर थांबवणाऱ्या अधिकाऱ्याच्या वाचनावर राहतं. विम्याचं तसंच. बदल कंपनीला कळवला नसेल तर अपघातानंतर दावा अडकू शकतो.

माझा खरा आक्षेप इथे आहे. आज कायद्याच्या नजरेत टेस्ट केलेली, पार्ट नंबर असलेली स्प्रिंग आणि गॅसने कापलेली स्प्रिंग यांत ठळक फरक नाही. दोन्ही ‘बदल’च. मग पोरं काय विचार करतात? पकडलं तर दंड तेवढाच, मग स्वस्तातलं का नको? नियमाचा हेतू सुरक्षिततेचा आहे, पण व्यवहारात तो सगळ्यात धोकादायक पर्यायाला सगळ्यात स्वस्त ठेवतो.

जर्मनीत वेगळी पद्धत आहे. तिथे लोअरिंग स्प्रिंगसोबत तपासणीचा अहवाल येतो. कोणत्या मॉडेलला, किती एक्सल वजनापर्यंत, कोणत्या टायरसह ती चालेल हे त्यात लिहिलेलं असतं. बसवल्यावर टीयूव्हीसारखी अधिकृत संस्था गाडी तपासते आणि बदल कागदपत्रांत नोंदवला जातो. त्यामुळे चांगला पार्ट घेणाऱ्याला कागदी संरक्षण मिळतं आणि कापलेली स्प्रिंग तपासणीतच अडकते.

हे आपल्याकडे अशक्य आहे असं नाही. सीएनजी किटचं बघा. मान्यताप्राप्त किट, अधिकृत फिटर, आरटीओची तपासणी, आरसीवर नोंद. २०१९ च्याच दुरुस्तीने कलम ५२ मध्ये अशीही तरतूद घातली की बदल आणि रेट्रोफिटमेंटसाठीची मानकं आणि मंजुरीच्या अटी केंद्र सरकारने ठरवायच्या, आणि तसा बदल केल्याने कंपनीची वॉरंटी रद्द मानली जाणार नाही. पुण्यात १९६६ पासून एआरएआयसारखी चाचणी संस्था आहे. शॉकअप बनवणारी गॅब्रिएल इंडियासारखी कंपनी चाकण आणि नाशिकमध्ये आहे. ज्ञान आहे, यंत्रं आहेत, कायद्यात दारही आहे. स्प्रिंग-शॉकअपच्या सेटसाठी सीएनजीसारखीच सरळ वाट आखली तर निम्मे जुगाड आपोआप बंद होतील.

खरेदीआधी फोनवर करायच्या तीन गोष्टी

१. गाडी सपाट जागी लावा. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपने मोजा, फोटो काढा. मग पाच जण बसवून पुन्हा मोजा. वजनाने गाडी किती बसते हा तुमचा स्वतःचा आकडा. तो ब्रोशरमध्ये मिळणार नाही.

२. फायफॉक्स हे मोफत ॲप घ्या. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात ते तयार झालं आहे आणि फोनचा ॲक्सेलरोमीटर वाचतं. फोन गाडीच्या फ्लोअरवर ठेवा, बंपरजवळ बॉडी जोरात दाबून सोडा आणि आलेख बघा. एका हेलकाव्यात गाडी शांत झाली तर शॉकअप ठीक. दोन-तीन हेलकावे दिसले तर आधी शॉकअप बदला, स्प्रिंगचा विषय नंतर.

३. विक्रेत्याला चार प्रश्न लिहून पाठवा. माझ्या मॉडेलचा आणि वर्षाचा पार्ट नंबर काय? पुढे किती आणि मागे किती मिलिमीटर खाली येते? कडकपणा किती? कमाल एक्सल वजन किती? उत्तरात ‘युनिव्हर्सल आहे, सगळ्याला बसतं’ आलं तर चॅट तिथेच बंद करा.

मावसभावाने पहिली गोष्ट केली आणि दोन इंचांची भाषा त्याच संध्याकाळी बंद झाली. दुसरीत कळलं की मागचे शॉकअप थकलेत. शेवटी त्याने चारही शॉकअप आणि बुश कंपनीच्याच स्पेसिफिकेशनचे टाकले. १४ इंची चाकांच्या जागी कंपनी वरच्या व्हेरिएंटला देते ती १८५/६५ आर १५ साइज घेतली. १६५/८० आर १४ आणि या टायरच्या एकूण व्यासात दोनच मिलिमीटरचा फरक पडतो, त्यामुळे स्पीडोमीटरही बिघडत नाही. गाडी तेवढीच उंच आहे, पण वळणात डोलणं गेलं आणि चाकं भरलेली दिसतात. अलाइनमेंट मात्र त्याने पुढे ढकललं होतं, ते मी भांडून करून घेतलं.

तुम्हाला तरीही लो करायचीच असेल तर माझा हिशोब साधा आहे. वजनाने गाडी जेवढी बसते ते अंतर आधी बाजूला ठेवा. नवे शॉकअप आणि अलाइनमेंटचे पैसे बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहा. विमा कंपनीला मेल करा आणि उत्तर जपून ठेवा. हे सगळं करून २५ मिलिमीटर परवडत असेल तर विचार करा. बजेट फक्त स्प्रिंगपुरतं असेल तर ते पैसे चांगल्या टायरवर घाला, गाडीला रस्त्याशी जोडणारी गोष्ट तीच आहे.